बावन्न मिनिटं

नळाखाली काचेचा ग्लास धरून घरमालकीण म्हणाली, "पिऊन बघा." पाणी नितळ होतं, दात शिवशिवतील इतकं गार होतं आणि त्याला उकडलेल्या अंड्याचा वास येत होता. मी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. नवऱ्याने अख्खा संपवला. डोंगरातलं काहीही गोड लागावं अशा मनःस्थितीत तो सकाळपासूनच होता. बाथरूममधल्या पांढऱ्या टबवर नळापासून जाळीपर्यंत बोटभर रुंदीचा गंजकट केशरी ओघळ होता. मी नखाने खरवडून पाहिला, ढिम्म. बोअरच्या पाण्यात लोह आणि गंधक, दोन्ही. "सवय होते," बाई म्हणाली. तिला ती ४१ वर्षांपूर्वी झाली होती.

हे घर वेस्ट व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ग्रीन बँक नावाच्या वस्तीपासून थोडं आत, कच्च्या रस्त्याच्या टोकाला. तीन बेडरूम, पुढे लाकडी पडवी, मागे ११ एकर उतार, त्यावर मेपल आणि ओक, तळाशी ओहोळ. मागणी १ लाख ६५ हजार डॉलरची. न्यू जर्सीत, आमच्या एडिसनमध्ये, एवढ्या पैशात एका बेडरूमचा कॉन्डो मिळाला तरी पेढे वाटावेत.

एडिसनला आम्ही २३ वर्षं आहोत. कढीपत्ता संपला तर ओक ट्री रोडवर जाऊन दहा मिनिटांत परत येता येतं, आणि गणपतीच्या दिवसांत कुणाकुणाकडे जायचं राहिलं म्हणून रुसवेफुगवे होतात, इतकी आपली माणसं. पण न्यू जर्सीची घरपट्टी देशात सगळ्यात जास्त. राज्याची सरासरीच वर्षाला १० हजार डॉलरच्या घरात. आमची ११ हजार ४००. म्हणजे कर्ज फिटलेल्या स्वतःच्या घरात राहायचे महिन्याला साडेनऊशे डॉलर. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला स्टेंट बसला. वर्षभराने त्याच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा गेला. तो ६१ चा, मी ५७ ची. ६५ व्या वर्षी मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, लागू होईपर्यंत विम्याचा हप्ता माझ्या नोकरीच्या खुंटीला टांगलेला. मी एका कंपनीचे हिशेब सांभाळते, घरून. घरूनच करायचं तर ते घर एडिसनमध्येच कशाला, हा प्रश्न त्याने जेवताना विचारला आणि मी वरणाचा डाव हातात धरून तशीच थांबले.

खूळ शिरलं ते एका जाहिरातीमुळे. वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ मध्ये योजना काढली. घरून काम करणाऱ्याने तिथल्या ठरावीक गावांत येऊन राहावं, दोन वर्षांत मिळून १२ हजार डॉलर मिळतील. पैसा मूळचा ब्रॅड स्मिथ यांचा. मी रोज ज्या क्विकबुक्सवर हिशेब लिहिते, ते बनवणाऱ्या इंट्युइट कंपनीचे हे माजी प्रमुख, वाढले वेस्ट व्हर्जिनियात. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने अडीच कोटी डॉलर दिले. माणसं यावीत म्हणून राज्याने पैसे द्यायचे, हे वाचून आधी मला हसू आलं. मग आकडे पाहिले. १९५० मध्ये तिथे २० लाख लोक होते, २०२० मध्ये १७ लाख ९४ हजार. या सत्तर वर्षांत लोकसंख्या घटलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य.

आम्ही त्या योजनेत अर्ज केला नाही, पण त्यातलं लुईसबर्ग बघायला म्हणून गाडी काढली. ७८ नंबरच्या हायवेने पश्चिमेला, मग ८१ ने शेनान्डोआच्या खोऱ्यातून दक्षिणेला, मग ६४ ने डोंगर चढून, सात-आठ तास. लुईसबर्ग देखणं आहे. विटांचा जुना रस्ता, पुस्तकांचं दुकान, बरी कॉफी. तिथल्या किमती बघितल्या आणि नवरा म्हणाला, थोडं वर जाऊन बघू. थोडं वर गेलो. दर वीस मैलांना घर मोठं होत होतं आणि आकडा लहान. असं करत करत आम्ही त्या अंड्याच्या वासाच्या पाण्यापर्यंत पोचलो. "दुरून डोंगर साजरे" म्हणणाऱ्याने नक्कीच कधीतरी डोंगरात घर विकत घ्यायचा विचार केला असणार.

हिशेबनीस बाईने जे करायचं ते मी केलं. रात्री भाड्याच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट केली, नाव दिलं "डोंगर". डावीकडे एडिसन, उजवीकडे ग्रीन बँक. पहिलीच ओळ घरपट्टी. वेस्ट व्हर्जिनियात घराच्या बाजारभावाच्या ६० टक्क्यांवर कर आकारतात आणि दरही कमी. या घराला वर्षाचे हजाराच्या आतच. एका ओळीत दहा हजार वाचले. नवऱ्याने खांद्यावरून वाकून बघितलं आणि "बघ" एवढंच म्हणाला. विजयी सुरात.

मग मी खालच्या ओळी भरत गेले. पाण्याला फिल्टर आणि सॉफ्टनर. सेप्टिक टँक तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यायची. वीज जाते, म्हणून जनरेटर. गरम करायला प्रोपेन. दोघांच्या दोन गाड्यांपैकी एक तरी चारही चाकांवर ओढणारी आणि दोन्हींना बर्फाचे टायर. तिथे गाड्यांवरही काउंटी दरवर्षी मालमत्ता कर लावते, हे मला माहीत नव्हतं. आगीचा विमा महाग, कारण अग्निशमन केंद्र पाच मैलांच्या पलीकडे असलं की विमा कंपनी घराला शेवटच्या, दहाव्या वर्गात टाकते. देशी किराण्याला व्हर्जिनियातलं हॅरिसनबर्ग, डोंगर ओलांडून दोन तास. तूरडाळीच्या किलोमागे पेट्रोल किती, हेही मी मांडलं. इतका पोरकटपणा मला चालतो.

आणखी एक ओळ वकिलामुळे वाढली. त्याने मार्लिंटनच्या कोर्टातले जुने दस्त काढले तर या ११ एकरांच्या पोटात जे काही खनिज आहे, ते शंभरेक वर्षांपूर्वीच कुणीतरी कुणालातरी विकून टाकलेलं. वेस्ट व्हर्जिनियात हे सर्रास आहे. वरची जमीन तुमची, खालचं पोट दुसऱ्याचं, आणि त्या दुसऱ्याचे वारस आज कुठे आहेत ते देव जाणे. मला आमच्या सातबाऱ्यावरची चौदा नावं आठवली. तिथे निदान सगळे आडवे तरी आहेत, एकाच पातळीवर.

सगळं धरूनही शीटच्या तळाशी वर्षाला १७-१८ हजार डॉलर शिल्लक दिसत होती. शिवाय एडिसनचं घर विकून हातात राहील ते वेगळंच. शीट म्हणत होती, जा.

आता हे घर स्वस्त का, याचा हिशेब शीटमध्ये नव्हता, तो नंतर कळत गेला. १९०० च्या सुमाराला या डोंगरांत रेल्वे शिरली ती लाकडासाठी. जवळचं कास गाव १९०१ मध्ये लाकडाच्या गिरणीसाठी वसवलं गेलं. वीसेक वर्षांत डोंगर उघडेबोडके झाले. १९२० मध्ये काउंटीची वस्ती १५ हजारांच्या आसपास होती. लाकूड संपत गेलं, माणसं ओहायोकडे, मिशिगनकडे, कारखान्यांकडे गेली. कासची गिरणी १९६० मध्ये बंद पडली. ज्या वाफेच्या इंजिनांनी ओंडके ओढले, ती आता पर्यटकांना डोंगरावर नेऊन आणतात. २०२० च्या जनगणनेत काउंटीत ७,८६९ माणसं निघाली. ९४० चौरस मैलांत. मुंबईच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त लोक लिफ्टची वाट बघत असतील.

आणि इथली निम्म्याच्या आसपास जमीन सरकारी राष्ट्रीय अरण्य आहे. अरण्य सुंदरच आहे, उघडे डोंगर पुन्हा झाकले गेले ते त्यानेच. पण अरण्य घरपट्टी भरत नाही. केंद्र सरकार त्याबदली काउंटीला थोडी रक्कम देतं, ती थोडीच. उरलेल्या जमिनीवर, कमी दराने, कमी लोकांकडून जो कर गोळा होतो त्यात शाळा, शेरीफ आणि बाकीचं भागवायचं. संपूर्ण काउंटीला हायस्कूल एक.

ग्रीन बँक मात्र जगाच्या नकाशावर आहे, ते तिथल्या शांततेमुळे. डोंगरांच्या कुशीत १०० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी आहे, हव्या त्या दिशेला वळवता येणाऱ्या दुर्बिणींत जगातली सगळ्यात मोठी. तिच्या कानाला त्रास नको म्हणून १९५८ पासून भोवतीचा १३ हजार चौरस मैलांचा मुलूख रेडिओ-शांत क्षेत्र ठरवलेला आहे. दुर्बिणीच्या आवारात गाड्या डिझेलच्याच, कारण पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगमधली ठिणगीही तिला ऐकू जाते. मला खोडदची आठवण झाली. बहिणीचं सासर नारायणगावचं. तिथून जवळच जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, ४५ मीटर व्यासाची एकेक, शेतांमधून उभ्या. तिथेही मोक्याची जागा म्हणजे गोंगाट कमी असलेली जागा. पण खोडदच्या पारावर माणसं मोबाइलवर बोलताना दिसतात. इथे गावात शिरलो आणि फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या, त्या तीन दिवस परत आल्या नाहीत.

नवऱ्याला त्याचं कोण कौतुक. मी घरमालकिणीच्या टेबलावर बसून, तिच्या वायरीच्या इंटरनेटवरून ऑफिसची मीटिंग लावून बघितली. साहेबांचा चेहरा अर्धं वाक्य बोलून गोठला, तो बरोबर जांभई देताना. महिनाअखेरीला वह्या बंद करायच्या असतात तेव्हा या इंटरनेटवर माझं काय होणार, हे मी त्या उघड्या तोंडाकडे बघत ठरवत होते. विम्याचा हप्ता त्याच नोकरीला टांगलेला, हे वर सांगितलंच.

केबिनच्या शेजारी एक बाई राहते. सत्तरी ओलांडलेली, काटक, नवरा गेलेला. तीस वर्षं इथल्या रेस्क्यू स्क्वाडमध्ये काम करते, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर, विनामोबदला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुळांची माती न झटकलेली पानांची जुडी घेऊन दारात उभी राहिली. रॅम्प्स. एप्रिलमध्ये तिथल्या जंगलात उगवणारी रानपात, रुंद पानाची, देठाला जांभळट, कांदा आणि लसूण यांचं भांडण लागावं तसा वास. अंडी आणि बटाट्यात परततात म्हणे. मी बरोबर नेलेल्या डब्यातून बेसन काढलं, ती पात बारीक चिरून मोहरी-हिंगाच्या फोडणीत टाकली आणि पिठलं केलं. खोटं कशाला सांगू, कांद्याच्या पातीचं पिठलं त्यापुढे मिळमिळीत. वाडगाभर तिला नेऊन दिलं. तिने ते कॉर्नब्रेडवर ओतून पडवीत उभ्यानेच खाल्लं आणि मग बसून बोलायला लागली.

"घर एप्रिलमध्ये बघू नये," ती म्हणाली. "फेब्रुवारीत बघावं."

मी हृदयाचं विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं नाही. दिवसा दोन गाड्या असतात, म्हणाली, रात्री बहुतेक एक. चालवणारे सगळे साठीच्या पुढचे, तरुण मुलं मिळत नाहीत, मिळाली तर ट्रेनिंग घेऊन पगाराच्या नोकरीला शहरात जातात. ती एक गाडी डोंगरापलीकडे गेलेली असली तर. वाक्य पुरं न करता तिने वाडगा उचलला आणि विसळायला नेला.

त्या रात्री नऊ वाजता आम्ही घरापाशी गेलो, विकाऊ घराच्या पायरीपाशी, आणि तिथून इस्पितळापर्यंत गाडी चालवली. कल्पना माझी. मी चालवत होते, तो शेजारी घड्याळ लावून बसला होता. कच्चा रस्ता संपायलाच नऊ मिनिटं. ओहोळावर धुकं उतरलं होतं, हेडलाइट लावले की पांढरी भिंत, मंद केले की काळी. तीन ठिकाणी हरणं. एक तर रस्त्याच्या मधोमध उभं राहून आमच्याकडे असं बघत होतं की चूक आमचीच असावी. ओंडक्यांचा एक ट्रक चढावर पुढे लागला, त्याच्या मागून दुसऱ्या गिअरमध्ये. शेवटी लाल अक्षरांत "इमर्जन्सी" लिहिलेली पाटी दिसली तेव्हा त्याने घड्याळ थांबवलं. बावन्न मिनिटं.

हे इस्पितळ छोटं आहे. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने अशा दुर्गम भागातल्या इस्पितळांना वेगळा दर्जा दिला. खाटा जास्तीत जास्त २५, शेजारचं इस्पितळ ३५ मैल दूर किंवा डोंगरी मुलखात १५ मैल दूर हवं. बदल्यात मेडिकेअर त्यांना खर्चाप्रमाणे पैसे देतं. तो दर्जा नसता तर यातली कित्येक केव्हाच बंद पडली असती. तिथले लोक जीव तोडून काम करतात, याबद्दल मला शंका नाही. पण नवऱ्यासारख्या पेशंटला तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन पुढे पाठवतील. पुढे म्हणजे रोआनोक किंवा चार्ल्सटन, हवामान बरं असेल तर हेलिकॉप्टरने. बंद पडलेली धमनी पहिल्या वैद्यकीय मदतीपासून ९० मिनिटांत उघडावी, दुसऱ्या इस्पितळात न्यावं लागलं तर १२० मिनिटांत, असा इथला दंडक आहे. एडिसनला त्याच्या छातीत कळ आली त्या दिवशी फोन ठेवल्यापासून गाडी दारात चार मिनिटांत होती आणि इस्पितळ नऊ मिनिटांवर. आणि इथे बावन्न मिनिटं ही तरी आम्हीच निघालो तर. ॲम्ब्युलन्सला आधी घरापर्यंत यायचं असतं.

पार्किंगमध्ये गाडी बंद करून आम्ही बसलो होतो. तो म्हणाला, "दिवसा पंचेचाळीस होतील."

"अटॅक दिवसाच यायचा असं ठरवलंयस का तू?"

तो हसला, मग गप्प झाला. परतताना एकोणपन्नास मिनिटं लागली. ती त्याने मोठ्याने सांगितली नाहीत, मी घड्याळात पाहिली.

मला त्या रस्त्यावर काका दिसत होते. आमचं गाव देवरुखच्या पुढे, आत. २००९ चा जुलै. काकांच्या छातीत दुखायला लागलं ते पहाटे. गावात जीप एकच, तिचा मालक गाढ झोपलेला. पहिल्या दवाखान्यात ईसीजीचं यंत्र होतं, त्यातला कागद संपला होता. "रत्नागिरीला न्या." पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखे. हातखंब्याच्या आधीच काका गेले. मी एडिसनमध्ये होते, मला फोन आला तेव्हा इथे रात्र होती. नंतर चुलतभावाने सगळा रस्ता मला इतक्या वेळा सांगितला की मी त्या जीपमध्ये होते असंच आता वाटतं. त्याला दोष कुणाला द्यायचा ते कळत नव्हतं, म्हणून तो वेळ सांगायचा. निघालो इतक्याला, पोचलो इतक्याला.

केबिनवर येऊन मी शीट उघडली. घरपट्टीच्या ओळीत "वाचले" असं मी हिरव्या रंगात लिहिलं होतं. बघत बसले. त्या ११ हजार ४०० मधला मोठा वाटा शाळांचा, पण चार मिनिटांत येणारी गाडी, दिवसरात्र पगारावर बसलेली माणसं, रात्री तीनलाही बर्फ उपसणारा ट्रक, हेही त्यातच. २३ वर्षं मी ते पैसे शिव्या घालत भरले. ओळीला दुसरं काय नाव द्यावं ते सुचेना, म्हणून रंग तेवढा काढून टाकला.

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त टोचत होती, ती परतीच्या आदल्या दिवशी नाश्त्याच्या हॉटेलात कळली. टेबलावर वाढणारी मुलगी पंचविशीची, दोन नोकऱ्या करणारी. हिवाळ्यात स्नोशूच्या स्की रिसॉर्टवर, बाकीचं वर्ष इथे. आम्ही कुठलं घर बघतोय ते तिला आधीच माहीत होतं. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं, त्या बाबतीत ते अगदी आपल्या गावासारखं. "चांगलं घर आहे," ती म्हणाली, "आम्हीही बघितलं होतं." मग कॉफी ओतून निघून गेली. या काउंटीत घरागणिक मधलं उत्पन्न आमच्या मिडलसेक्स काउंटीच्या निम्म्याहून कमी आहे. जे घर मला चुटकीसरशी परवडणारं वाटत होतं, ते त्या मुलीला दोन नोकऱ्यांतही जमलं नव्हतं. स्वस्त होतं ते घर माझ्यासाठी, कारण माझा पगार न्यू जर्सीहून येणार होता.

हे मी आधी ऐकलेलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. चुलतभाऊ सांगतो, "ताई, पुण्यामुंबईवाले येतात, गुंठ्याचा भाव ऐकून एवढंच का म्हणतात. आणि इथल्या पोराला स्वतःच्या वाडीत घर बांधायला जागा परवडत नाही." २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. माणसं कमी झाली तर जमीन स्वस्त व्हायला हवी, असं पुस्तकात असेल. आमच्या वाडीत २२ घरं. गणपतीत आणि शिमग्याला सगळ्यांत दिवे लागतात. एरवी मी शेवटची गेले तेव्हा मोजले, पाच. आजोबा लालबागच्या गिरणीतून मनीऑर्डर पाठवायचे, वडील डोंबिवलीहून, मी न्यू जर्सीहून. गाव तीन पिढ्या बाहेरच्या पगारावर उभं आहे आणि ते उभं ठेवणारे आम्ही तिथे राहत नाही.

मी हे शेजारच्या बाईला सांगितलं, जमेल तेवढं. मला वाटलं ती म्हणेल, हो, तुमच्यासारख्यांमुळेच किमती वाढतात. ती म्हणाली, "तुम्ही राहणार असाल तर या. रात्री दिवा लागला पाहिजे." तिच्या रस्त्यावर सात घरं आहेत. चार शनिवार-रविवारची.

आपण तिथे वेगळे दिसू, त्याचं काय, असं एडिसनच्या मैत्रिणींनी नंतर विचारलं. दिसतोच. हॉटेलात शिरलो की माना वळायच्या. पण "तुम्ही कुठले" हा प्रश्न तिथे कुणी विचारला की पुढे खुर्ची ओढून उत्तर ऐकायलाही बसायचं. मला भीती वाटली ती त्याची नाही. मराठीत भांडता येईल असा माणूस तिथे आसपास एकच असणार होता आणि त्याच्याशी भांडायला विषय संपत आलेत.

ते घर आम्ही घेतलं नाही. नवरा दोन आठवडे धुसफुसला. पाण्याचा नमुना तपासायला दिला होता. अहवालात लोह भरपूर, गंधक भरपूर, जंतू नाहीत. "बघ, पिण्यालायक होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, पाण्याबद्दल कोण बोलतंय. आता आमच्यात तह असा झालाय की लुईसबर्ग गावातच, चालत जाण्यासारखं, छोटं काहीतरी भाड्याने बघायचं. तिथे आकडा शीटच्या तळाशी चार-पाच हजारांवर येतो. नवरा त्याला "एवढ्यासाठी?" म्हणतो. मी अजून उत्तर दिलेलं नाही. खरं तर मलाही ती पडवी आणि तो ओहोळ रात्री ऐकू येतो.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. शेजारची बाई, तिच्या लँडलाइनवरून. घर विकलं गेलं, म्हणाली. वॉशिंग्टनकडचं जोडपं, चांगली माणसं आहेत, दोनदा येऊन गेली. टब बदलला. "दिवा?" मी विचारलं. "अजून नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, माझी वरची खोली रिकामी आहे, फेब्रुवारीत चार आठवडे येऊन बघायचं असेल तर बघा, भाड्याचं नंतर बोलू.

नवऱ्याने बर्फाच्या साखळ्या मागवल्यात. ऑफिसची महिनाअखेर मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून करणार आहे, जमली तर. बाईने फोन ठेवताना एकच गोष्ट दोनदा सांगितली, रॅम्प्स तिने फ्रीझरमध्ये ठेवलेत, येताना ते पिवळं पीठ आणा.